टॉप मॉडेलची फीचर्स आणि आमचा गुहागर-चिपळूण रस्ता: नवीन गाडीचा सविस्तर रिव्ह्यू

गाडीचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण जे सांगायचंय ते आजकाल ह्या साइजच्या बऱ्याच गाड्यांना लागू पडतंय. चार मीटरच्या आतली एसयूव्ही, टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, टॉप मॉडेल. पाडव्याला डिलिव्हरी घेतली आणि त्यानंतर आंब्याचा सीझन, मे महिन्यातली पाहुण्यांची ये-जा, अख्खा पावसाळा आणि गणपती हे सगळं ह्याच गाडीवर निघालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. आमचं घर गुहागर तालुक्यात, घरचा आंबा-काजूचा व्यवसाय, मिस्टर बोटीवर असतात म्हणजे वर्षातले निम्म्याहून जास्त महिने गाडी मीच चालवते, सासऱ्यांना चिपळूणला डॉक्टरकडे नेणं, पेट्या पोचवणं, मुलीला हॉस्टेलवरून आणणं, माहेरी दापोलीला जाणं, सगळं.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच चांगलं आहे. इंजिन दणकट, कुंभार्ली घाटात चार माणसं आणि डिकी भरून सामान असलं तरी गाडी रडत नाही. स्टेअरिंगमागचे गिअर बदलायचे पॅडल शिफ्टर घाट उतरताना फार कामाचे, सेकंड-थर्डला गाडी धरून ठेवली की ब्रेक तापत नाहीत. हिल होल्डमुळे आमच्या घराच्या चढावर गाडी मागे येत नाही. ग्राउंड क्लिअरन्स भरपूर, खाली कातळ घासत नाही. सहा एअरबॅग, गाडी घसरायला लागली की सावरणारी ईएससी, आणि पुढच्या सीटमधून थंड हवा येते ती मे महिन्यात पाठ ओली होऊ देत नाही, ह्या एका गोष्टीचे पैसे वसूल. मायलेज आमच्या रस्त्याला चौदाच्या आसपास पडतं, ते अपेक्षित होतं.

तक्रार वेगळी आहे. टॉप मॉडेलसाठी खालच्या व्हेरियंटपेक्षा जे दोन-अडीच लाख जास्त मोजले ते ज्या फीचर्ससाठी मोजले त्यातली बरीचशी आमच्या रस्त्यावर, आमच्या पावसात चालवणाऱ्याच्या कामात आडवी येतात, आणि आडवी येतात म्हणून बंद केली तर पुढच्या वेळी गाडी स्टार्ट केली की पुन्हा आपोआप चालू झालेली असतात. आणि जे बटण अर्ध्या सेकंदात हाताला लागायला हवं ते स्क्रीनच्या आत जाऊन बसलंय. माझं सगळं म्हणणं ह्या दोन गोष्टींभोवतीच आहे.

सगळ्यात जास्त त्रास स्क्रीनचा, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते. जुलैमध्ये एकदा संध्याकाळी अप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, चिपळूणहून घेऊन येत होते. सोबत सासूबाई आणि माझी मुलगी. हॉस्पिटलच्या दारातून गाडीपर्यंत येईस्तोवर चौघंही भिजलेले, छत्र्या पायाशी, टॉवेल ओला. रामपूर सोडलं आणि मार्गताम्हान्याच्या अलीकडे पाऊस असा काही कोसळायला लागला की वायपर फुल स्पीडला टाकूनसुद्धा पुढचं दिसेना आणि त्याच वेळी पुढची काच धुरकट व्हायला लागली. जुन्या गाडीत काय होतं, गोल नॉब होता, न बघता हात जायचा, फिरवला की हवा काचेवर. ह्या गाडीत पुढच्या काचेच्या हवेचं बटणच नाही. स्क्रीनवर मॅप चालू असतो, त्याच्या खालच्या पट्टीतल्या पंख्याच्या चित्रावर बोट लावायचं, मग क्लायमेटचं पान उघडतं, त्यात वरच्या कोपऱ्यात काचेचं चित्र. माझं बोट ओलं. ओल्या बोटाने ही स्क्रीन नीट ओळखत नाही, कारण ती दाबावर चालत नाही, बोटाच्या विद्युतभारावर चालते, पाण्याचा थर मध्ये आला की तिला कुठे लावलंय ते कळत नाही. एकदा सीटचा पंखा चालू झाला, एकदा पान परत मॅपवर गेलं. तोपर्यंत काच पूर्ण पांढरी. मागे एसटी होती. हॅझर्डचं बटण सुदैवाने खरं बटण आहे म्हणून ते लागलं, गाडी कडेला घेतली आणि मुलीने तिच्या ओढणीने काच पुसली तेव्हा कुठे ते पान सापडलं. साठच्या स्पीडला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. तीन सेकंद स्क्रीनकडे बघितलं तरी पन्नास मीटर रस्ता न बघता गेला, आणि आमच्या ह्या रस्त्याला पन्नास मीटर सरळ फार कमी ठिकाणी मिळतो.

कोकणात काच दोन बाजूंनी धुरकटते हे शोरूमवाल्यांना बहुतेक माहीत नसावं. ओली माणसं आत बसली की काच आतून धुरकटते, तेव्हा एसी चालू ठेवून हवा काचेवर सोडायची. पण रात्रीच्या वेळी बाहेरची हवा गरम आणि दमट, आत एसीने काच गार झालेली, तेव्हा काच बाहेरून धुरकटते, आणि तेव्हा काचेवरची गार हवा बंद करून, टेंपरेचर वाढवून वायपर मारायचा असतो. म्हणजे नेमका उलटा उपाय. ऑटो क्लायमेट प्रत्येक वेळी गार हवाच काचेवर फेकतो आणि बाहेरचं धुरकटणं अजून वाढवतो. मग टेंपरेचर वाढवायला पुन्हा स्क्रीन. हे दर पावसाळ्यात रोजचं आहे, कधीतरी घडणारी गोष्ट नाही.

आणि हे फक्त माझं रडगाणं नाहीये. स्वीडनमधल्या गाड्यांच्या एका मासिकाने २०२२ साली टेस्ट घेतली होती, ताशी ११० किलोमीटरने गाडी चालवत असताना चार साधी कामं करायची, टेंपरेचर वाढवणं, रेडिओ लावणं वगैरे, आणि त्यात किती वेळ जातो ते मोजायचं. २००५ सालची बटणांची व्होल्व्हो कार १० सेकंदांत मोकळी झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे राहिलेल्या नव्या टचस्क्रीन गाडीला पाऊण मिनिटाच्या आसपास लागलं, म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त रस्ता. युरोपात गाड्यांच्या सुरक्षेला स्टार देणाऱ्या युरो एनकॅप संस्थेनेही आता २०२६ पासून पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, हॅझर्ड, हॉर्न, वायपर आणि एसओएस (आणीबाणीत मदत बोलवायचं) ह्यांना खरी बटणं किंवा दांड्या पाहिजेत असं ठरवलंय. चांगलंच आहे, पण ती यादी कोणी कोकणात बसून केली असती तर काचेची हवा पहिल्या नंबरला आली असती. आपल्या भारत एनकॅपने हे मनावर घ्यावं असं मला मनापासून वाटतं, इथला पाऊस त्यांनाही माहीत आहे.

सेल्समनने सांगितलं होतं, मॅडम स्क्रीनला हात लावायची गरजच नाही, नुसतं बोलायचं. बोलायचं म्हणजे हिंदी नाहीतर इंग्लिशमध्ये, आणि मुसळधार पावसात टपावर जो आवाज होतो त्यात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही तिथे गाडीला काय ऐकू येणार. शिवाय निम्म्या कमांड नेटवर्कवर चालतात. आमच्याकडे शृंगारतळी सोडली की नेटवर्क येऊन-जाऊन. त्यामुळे ते फीचर आमच्यापुरतं नाहीच.

आता लेन असिस्ट. ह्याचा कॅमेरा पुढच्या काचेला आरशाच्या मागे असतो, तो रस्त्यावरचे पांढरे पट्टे शोधतो आणि गाडी पट्ट्याकडे सरकली की स्टेअरिंग स्वतःहून वळवतो. रस्ता नीट आखलेला असेल तर ह्यात वाईट काही नाही. पण आपला मुंबई-गोवा हायवे घ्या, जिथे चौपदरी पूर्ण झालाय तिथे छान चालतं, आणि मग मध्येच डायव्हर्जन येतं, जुने पट्टे अर्धवट खोडलेले, नवे पिवळे पट्टे वाकडे, बाजूला सिमेंटचे ब्लॉक. अशा ठिकाणी मी डायव्हर्जनकडे वळवतेय आणि स्टेअरिंग मला जुन्या पट्ट्याकडे ओढतंय, असं लांज्याला जाताना झालं. ओढ फार जोरात नसते, हाताने आरामात मोडते, पण शेजारून ट्रेलर चाललेला असताना आपल्या स्टेअरिंगने आपल्याशी झटापट करणं हे मला अजिबात मान्य नाही. आतल्या रस्त्यांवर तर खड्डा चुकवायला जरा उजवीकडे घेतलं की टुंग टुंग. इंडिकेटर दिला तर गप्प बसतं म्हणे. मग प्रत्येक खड्ड्याला इंडिकेटर द्यायचा का, मागच्याला वाटेल बाई वळतेय.

बरं, बंद करायला स्टेअरिंगवर बटण आहे, तेवढं बरं, पण गाडी बंद करून चालू केली की हा पुन्हा हजर. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर म्हणाले सेफ्टी नॉर्म आहे. मी त्यावर वाचलं. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना वेगमर्यादा ओलांडली की इशारा देणारं स्पीड असिस्ट आणि इमर्जन्सी लेन कीपिंग सक्तीचं आहे, आणि ते स्पीडचं तर प्रत्येक स्टार्टला पुन्हा चालू व्हायलाच पाहिजे असा तिथला नियम. आपल्याकडे कारला लेन असिस्टची सक्ती नाही. मग इथल्या गाडीत ते बंदच राहील असा पर्याय द्यायला कंपनीला कोणी अडवलंय? ८० च्या वर गेल्यावर वाजतं ते वेगळं, तो १ जुलै २०१९ पासूनचा आपला सरकारी नियम आहे आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, वाजायलाच हवं.

ऑटोमॅटिक ब्रेकबद्दल मात्र मी जपून बोलेन. रात्री हेदवीकडून येताना वळणावर काळी म्हैस रस्त्यात बसलेली होती, लाइटमध्ये शेवटच्या क्षणी दिसली आणि माझा पाय ब्रेकवर पडायच्या आधी गाडीने ब्रेक मारायला सुरुवात केली होती. त्या दिवसापासून हे फीचर मी कधीच बंद करत नाही, आणि कोणी करू नये. पण त्याचा जीव ज्या रडारमध्ये आहे तो रडार पुढच्या बंपरमध्ये खाली बसवलाय आणि आपल्याकडे पहिल्या पावसापासून तांबडी माती उडते. अर्धा तास मातीच्या रस्त्याने गेलं की मीटरवर मेसेज येतो, सेन्सर ब्लॉक झालाय, एडास (म्हणजे कॅमेरा-रडारवर चालणारी ही सगळी ड्रायव्हरच्या मदतीची सिस्टिम) बंद. मग भर पावसात उतरा, कपड्याने बंपर पुसा, गाडी बंद-चालू करा. म्हणजे ज्या पावसाळ्यात सगळ्यात जास्त गरज त्याच पावसाळ्यात ते निम्म्या वेळा झोपलेलं. मी आता दारात एक ओलं फडकं ठेवलंय आणि निघताना रडारची चौकोनी पट्टी आणि मागच्या कॅमेऱ्याची भिंग पुसूनच निघते. ज्यांनी घेतलीये त्यांनी ही सवय लावून घ्या, खरंच उपयोग होतो.

मागे घेताना जो आपोआप ब्रेक लागतो त्याने मात्र फेरीबोटीवर फजिती केली. आम्ही दापोलीला जायचं तर धोपावे-दाभोळ फेरीने जातो, रस्त्याने केवढा वळसा पडतो ते इकडच्यांना माहीत आहे. त्या दिवशी गर्दी होती म्हणून फेरीवरच्या पोराने गाडी रिव्हर्समध्ये चढवायला सांगितली. उतरता जेट्टीचा उतार, वर लोखंडी फळी, त्यावर शेवाळ आणि पाणी, दोन्ही बाजूंना स्कूटरवाले उभे. तो पोरगा मागे उभा राहून हात करतोय, “येव द्या वयनी, येव द्या, भरपूर जागा हाय”, आणि माझी मागची चाकं फळीवर चढली त्याच क्षणी गाडीने खाडकन ब्रेक मारला. मागे तो दिसला म्हणून, का फळीचा चढ दिसला म्हणून, गाडीलाच माहीत. पुढची चाकं ओल्या उतारावर, मागची फळीवर, आणि स्क्रीनवर लाल रंगात वॉर्निंग. ब्रेक सोडून पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मागे लाइनीतले लोक हॉर्न द्यायला लागले. शेवटी तो पोरगाच खिडकीशी आला, म्हणाला, “वयनी ह्या नव्या गाड्या सगळ्या अशाच करतात, त्याचा बटण बंद करा आधी.” बटण नाहीये, सेटिंगमध्ये आहे, गाडी, मग ड्रायव्हर असिस्टन्स, मग पार्किंग सेफ्टी, मग खूण काढा. फेरीच्या फळीवर उभं राहून मी हे केलं. फेरीवर जाणाऱ्यांनी लाइनीत असतानाच हे बंद करून ठेवा, आणि परत येताना पुन्हा बंद करा कारण मध्ये गाडी बंद केली की ते पुन्हा चालू होतं.

आमच्या वाडीत यायची पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंनी चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आणि मध्ये गाडी जेमतेम बसेल एवढी जागा. तिथे चारही बाजूंचे सेन्सर एकसारखे बोंबलतात, पाणंदीच्या तोंडापासून अंगणापर्यंत. ३६० कॅमेरा मात्र तिथे खरंच कामाचा आहे, चाक गडग्यापासून किती लांब ते स्वच्छ दिसतं, म्हणून मला कॅमेरा हवाय आणि आवाज नकोय. आवाज कमी होतो, शून्य होत नाही. रात्री उशिरा आलं तर शेजारच्या काकू उठून दिवा लावतात.

सीझनमध्ये मागच्या सीटवर आंब्याच्या पेट्या ठेवल्या की गाडीला वाटतं माणसं बसलीत, बेल्ट लावा. ते वाजणं काही थांबत नाही, म्हणून मी पेट्यांच्या मागून बेल्ट लावून टाकते. ह्यात कंपनीचा मोठा दोष मी म्हणणार नाही, मागच्यांनी बेल्ट लावलाच पाहिजे आणि त्यासाठी ते वाजतं ते योग्य आहे, फक्त माल नेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

सिग्नलला किंवा गर्दीत इंजिन आपोआप बंद होतं ते स्टार्ट-स्टॉप. बहादूरशेख नाक्याला मे महिन्यात दुपारी अडकलात की कळेल, इंजिन बंद झालं की एसीचा कॉम्प्रेसर पण बंद, आणि आपल्या दमट हवेत मिनिटभरात घामाच्या धारा. पुढची गाडी दोन फूट सरकली की चालू, परत बंद. अप्पांना तर प्रत्येक वेळी वाटायचं गाडी बंद पडली, “काय गो, परत बंद पडली काय?” असं विचारायचे. ह्याला बटण आहे पण तेही प्रत्येक स्टार्टला पुन्हा दाबायचं. शिवाय ह्या सिस्टिमला लागणारी बॅटरी साध्या बॅटरीपेक्षा बरीच महाग येते, बदलायची वेळ आली की तो खर्च दिसेल.

सनरूफबद्दल मला जरा जास्त लिहायचंय कारण आपल्याकडे बहुतेक घरी गाडी झाडाखालीच लावतात. सनरूफ म्हणजे झाकण बसवलं की पाणी आत येणार नाही, असं नसतं. काचेच्या कडेने थोडं पाणी आत येतंच, ते खालच्या पन्हळीत जमतं आणि चारही कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून गाडीच्या खांबांतून खाली जातं. ह्या नळ्या करंगळीपेक्षा बारीक. आमची गाडी आंब्याखाली असते. पाला, बारीक काटक्या, जांभळाच्या बिया, धूळ हे सगळं त्या पन्हळीत जमून कुजतं आणि एक नळी तुंबली की पाणी आतल्या छताच्या कापडातून टपकायला लागतं. आमच्याकडे ते पुढच्या आरशाजवळच्या दिव्यातून टपकलं. दिवा, माइक, सनरूफचं बटण सगळं तिथेच, म्हणजे पाणी थेट वायरिंगवर. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आधी सांगितलं काच बदलावी लागेल. मग शृंगारतळीच्या आमच्या जुन्या मेकॅनिकदादांनी नळी बघितली, गवत कापायच्या मशीनला असते तसली नायलॉनची जाड तार हळूहळू आत सरकवली आणि काळा कुजका पाला बाहेर काढला, मग वरून तांब्याने पाणी ओतून दाखवलं, पुढच्या दाराच्या बिजागराजवळून सरळ खाली पडलं. हवा प्रेशरने मारायची नाही असं त्यांनी बजावलं, आतल्या आत नळी सुटली तर डॅशबोर्ड खोलायला लागतो. मे अखेरीला एकदा आणि श्रावणात एकदा हे करून घ्यावं. डिलिव्हरीच्या वेळी ह्यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नव्हतं, मॅन्युअलमध्येही कुठे तरी आत आहे, आणि मॅन्युअल म्हणजे पुस्तक नाही, क्यूआर कोड स्कॅन करून मोबाईलवर वाचायचं, तेही इंग्लिशमध्ये. उन्हाळ्यात त्या काचेतून डोक्यावर जे ऊन येतं ते वेगळंच, खालचा पडदा पातळ आहे.

रेन सेन्सिंग वायपर साध्या पावसात ठीक चालतो. काचेच्या आतून तो इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, काच कोरडी असेल तर तो पूर्ण परत येतो, थेंब असले की कमी येतो, त्यावरून स्पीड ठरवतो. पण घाटातल्या धुक्यात जे बारीक तुषार येतात ते त्याला नीट कळत नाहीत आणि सेन्सिटिव्हिटी वाढवायची तर पुन्हा तीच स्क्रीन. दांडीवर एक चकती दिली असती तर काय झालं असतं.

लाइट्सचा मुद्दा मात्र गंभीर आहे. टॉप मॉडेलला पांढरे एलईडी आणि ऑटो हाय बीम, पण फॉग लॅम्प काढून टाकलेत, खाली नुसती शोभेची जाळी. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात किंवा आंबोलीला जे गेलेत त्यांना धुकं काय असतं ते सांगायला नको, बोनेटच्या पुढचं दिसत नाही. वरच्या हेडलॅम्पचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. फॉग लॅम्प बंपरच्या खाली असतो, त्याचा उजेड धुक्याखालून रस्त्यालगत पसरतो, म्हणून निदान कडेची पट्टी आणि कठडा दिसतो. ज्या भागात वर्षातले चार महिने ह्याची गरज पडते तिथे ते काढून टाकून मागच्या बाजूला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पट्टी लावणं हे मला पटलेलं नाही. ऑटो हाय बीम तर घाटात वापरूच नका, वळणावरून समोरची गाडी आली की तो एक क्षण उशिरा खाली येतो आणि तेवढ्यात समोरच्याचे डोळे दिपतात. समोर एसटी असेल तर तिच्या ड्रायव्हरचा विचार करा.

स्टेपनी बारीक आणि पातळ, चार चाकं मोठी डायमंड कट अलॉय आणि पाचवं लहान. नियम काही तोडलेला नाही, २०२० मध्ये केंद्राने नियम बदलून ट्यूबलेस टायर, टायरचं प्रेशर दाखवणारी सिस्टिम आणि पंक्चर किट असेल तर स्टेपनी दिलीच पाहिजे असं ठेवलं नाही, म्हणजे छोटी दिली हेच उपकार. पण टायरची भिंत खड्ड्यात फाटली तर किटचा उपयोग नाही, आणि त्या छोट्या चाकावर ८० च्या खाली, सांभाळून, पंक्चरवाला मिळेपर्यंत जायचं. आमच्याकडे रात्री आठनंतर पंक्चरवाला म्हणजे देवच. त्या डायमंड कट अलॉयवर खाऱ्या हवेने एका पावसाळ्यातच कडेने पांढरट रेघा उठायला लागल्यात, लॅकरच्या खाली गंज धरतोय. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी साधी रंगवलेली अलॉय किंवा स्टीलची रिम घ्यावी.

अॅपमधून गाडी लांबून स्टार्ट करणं, एसी लावणं वगैरे नेटवर्क असेल तर चालतं. आमच्या अंगणात चालत नाही. फुकटचं सबस्क्रिप्शन संपल्यावर पैसे भरायचा माझा विचार नाही.

डिलरबद्दल थोडं. शोरूममध्ये फीचर्स समजावताना सेल्समन माझ्या दिराशी बोलत होता, गाडी मी चालवणार हे दोनदा सांगूनही. टेस्ट ड्राइव्ह शोरूमसमोरच्या मोकळ्या हायवेवर, दुपारी कोरड्या उन्हात. डिलिव्हरीला केक, फोटो, मोठी चावी, आणि गाडी शिकवायला उरलेली दहा-पंधरा मिनिटं, त्यातही मोबाईल जोडण्यात गेली. तक्रार केली की एक ठरलेलं उत्तर, सॉफ्टवेअर अपडेट येईल. अपडेट आलं, त्यात स्क्रीनला नवीन वॉलपेपर आले. आणि एक खर्च कोणी सांगत नाही तो मी सांगते, हायवेच्या कामाच्या डंपरवरून खडी उडून माझ्या पुढच्या काचेला तडा गेला. एडासवाली काच साध्या काचेपेक्षा महाग आणि बसवल्यावर कॅमेरा पुन्हा कॅलिब्रेट करावा, म्हणजे बरोबर जुळवून घ्यावा, लागतो, ती सोय आमच्या जवळच्या सेंटरला नाही, कोल्हापूरला जा म्हणाले. इन्शुरन्स झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा, होता म्हणून काचेचं निभावलं, जाण्या-येण्याचा दिवस आणि पेट्रोल आपलं. इन्शुरन्स घेताना काच आणि कॅलिब्रेशन दोन्ही कव्हर आहे का हे लिहून घ्या, आणि चिपळूणला किंवा खाडीकाठी राहत असाल तर इंजिनात पाणी शिरल्याचं नुकसान भरून देणारं इंजिन प्रोटेक्टही घ्या, २२ जुलै २०२१ च्या पुरात गाड्यांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

कंपनीला मी मेल करून तीन गोष्टी मागितल्यात, बंद केलेलं फीचर बंदच राहील अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये द्या, ऑटोमॅटिक ब्रेक सोडून बाकी सगळ्यांना. काचेच्या हवेला स्टेअरिंगवर स्टारचं चित्र असलेलं जे बटण आहे त्यावर येऊ द्या, कारण ते बटण आत्ता फक्त गाणी बदलायला लावता येतं. आणि मॅन्युअल मराठीत द्या. पहिल्या दोन गोष्टींना गाडीत एक नट बदलायला लागत नाही. तक्रार पुढे पाठवलीये एवढंच उत्तर आलंय.

गाडी मी विकणार नाही, इंजिन आणि बसायला चांगली आहे आणि म्हशीच्या त्या रात्रीनंतर तिच्यावर माझा जीवही आहे. पण माझ्या नणंदेला दिवाळीला हीच घ्यायचीये, ती मालवणची, तिला मी मधलं व्हेरियंट घ्यायला लावलंय. त्यात इंजिन तेच, सहा एअरबॅग आणि ईएससी तेच, एसीला गोल नॉब, सनरूफ नाही, साधी अलॉय. ऑटोमॅटिक ब्रेक त्यात मिळत नाही, तेवढं एक मला खटकतं आणि तसं तिला सांगितलंयही. उरलेल्या पैशात पूर्ण साइजचा पाचवा टायर, चांगले पिवळे फॉग लॅम्प आणि खालून गंजरोधक कोटिंग, आणि बुकिंगच्या आधी पावसात, आचऱ्याच्या रस्त्याने, तिने स्वतः स्टेअरिंगवर बसून टेस्ट ड्राइव्ह मागायची, असं आमचं ठरलंय.